कॅबिनेटमधला छोटा पडदा आणि मे महिन्यातले आकडे
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

होळी झाली की संगणकाच्या तापमानाविषयी प्रश्न यायला लागतात. या वेळी त्यांत एक नवी गोष्ट दिसली. कॅबिनेटच्या आत छोटा पडदा बसवायचा आणि त्यावर प्रोसेसरचं तापमान, पंख्यांचा वेग, मेमरीचा वापर सतत दिसत ठेवायचा, अशी बऱ्याच जणांची खटपट चालली आहे. पडदा बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरी अडचण पुढे येते: दिसणारा आकडा खरा आहे का, आणि त्यावरून काय समजायचं? म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइनचं काम आहे. बाजूला काच असलेलं कॅबिनेट घेतलंय. आत साडेतीन इंची पडदा लावायचा आहे. एचडीएमआयचे आणि यूएसबीचे असे दोन प्रकार दिसतात. कोणता घेऊ? वायर बाहेर लोंबू नये म्हणून काय करू? (लातूर)

यूएसबीचा घ्या. एचडीएमआयचा पडदा संगणकाच्या लेखी दुसरा मॉनिटर असतो. विंडोज त्याला डेस्कटॉपचाच भाग धरतं, मग माउसचा बाण तिकडे भटकतो, कोरल ड्रॉची एखादी खिडकी तिथे उघडते आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही ती शोधत बसता. ग्राफिक्स कार्डाचं एक पोर्टही त्यात अडकतं आणि केबल मागून बाहेर काढून, स्लॉटची रिकामी पट्टी काढून, पुन्हा आत घ्यावी लागते. हलते आलेख आणि मोठं चित्र हवं असेल, ८.८ इंची १९२० बाय ४८० पिक्सेलचा लांबुडका पडदा घ्यायचा असेल, तर हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. साडेतीन इंचासाठी नाही.

यूएसबीचा ४८० बाय ३२० पिक्सेलचा पडदा संगणकाला सीरियल पोर्ट म्हणून दिसतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली कॉम-३, कॉम-४ असा नंबर घेऊन बसतो. मॉनिटर म्हणून तो कुठेच दिसत नाही, त्यामुळे 'पडदा ओळखलाच नाही' असं समजून परत करू नका. एक पूर्ण चित्र म्हणजे सुमारे तीन लाख बाइट, आणि ते या बारीक वाटेने जायला वेळ लागतो. म्हणून सॉफ्टवेअर फक्त बदललेला आकडा पुन्हा रंगवतं. मागे हलतं चित्र ठेवलंत तर पडदा अडखळणार.

आता वायर. मदरबोर्डाच्या खालच्या कडेला यूएसबी २ चं अंतर्गत हेडर असतं: पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यांतली एक पिन गाळलेली, म्हणजे एकूण नऊ. एका हेडरवर दोन पोर्ट निघतात. नऊ पिनांवरून साधं यूएसबी-ए सॉकेट देणारी छोटी केबल मिळते. ती हेडरवर, तिच्यात पडद्याची केबल, आणि सगळं मदरबोर्डामागच्या पोकळीतून फिरवलं की बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या पॅनेलच्या पोर्टांनी एक हेडर आधीच व्यापलेलं असतं, दुसरं रिकामं आहे का ते आधी पाहून घ्या.

काम सुरू करण्याआधी संगणक बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते. कनेक्टर गाळलेल्या पिनेची बाजू जुळवून सरळ खाली दाबा. जोर लावावा लागत असेल तर तो उलटा आहे. दुकानदाराने सुट्या वायरींची केबल दिली असेल तर लाल म्हणजे ५ व्होल्ट, पांढरी डेटा वजा, हिरवी डेटा अधिक, काळी ग्राउंड. हेडरवर पहिल्या पिनेपासून हाच क्रम असतो. फार जुन्या बोर्डावर याच आकाराचं फायरवायरचं हेडरही असायचं आणि त्यात १२ व्होल्ट असतात. शेजारी छापलेलं नाव वाचल्याशिवाय काही खोचू नका.

पडदा कुठे लावायचा, यावर लोक फार कमी विचार करतात. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा जिथे आदळते तिथे नको. खिडकीतून ऊन येतं त्या बाजूच्या काचेला चिकटवूनही नको. साधी दुहेरी टेप एप्रिलमध्ये मऊ पडते आणि पडदा घसरून ग्राफिक्स कार्डावर येतो. त्यापेक्षा एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, पत्र्याच्या आच्छादनावर चुंबकाच्या पायांनी उभा करा, नाहीतर पंख्याच्या स्क्रूच्या भोकांत छोटी पट्टी कसा. मागचं सर्किट उघडं असेल तर पत्र्याला लागणार नाही अशी प्लॅस्टिकची चकती मध्ये घाला.

सॉफ्टवेअरसाठी पडद्यासोबत येणारा प्रोग्राम चालतो, पण तो बऱ्याचदा क्लाउडवरच्या अनोळखी लिंकवरून उतरवायला सांगतात. गिऱ्हाइकांच्या फाइली असलेल्या संगणकावर तसं करू नये. 'ट्युरिंग स्मार्ट स्क्रीन पायथन' नावाचा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. पायथन बसवताना 'ॲड टू पाथ' या चौकटीत खूण करायला विसरू नका, निम्मे लोक तिथेच अडतात. मग प्रकल्पाच्या गरजांच्या यादीतली पॅकेजेस बसवायची आणि 'कॉन्फिगर' नावाचा प्रोग्राम चालवायचा. त्यात पडद्याचं मॉडेल अचूक निवडा. दिसायला सारखे असणारे साडेतीन इंची पडदे आतून वेगळे असतात आणि मॉडेल चुकलं तर पडदा नुसता पांढरा किंवा काळा राहतो. पोर्ट 'ऑटो'वरच ठेवा, म्हणजे हेडर बदललं तरी चालेल. ब्राइटनेस निम्म्याच्या वर नेऊ नका. ट्युरिंगचा पहिला साडेतीन इंची प्रकार पूर्ण उजेडावर चांगलाच तापतो.

पडद्यावर काय दाखवायचं? कमी दाखवा. साडेतीन इंची पडद्यावर ४० पिक्सेल उंचीचा अंक जेमतेम ६ मिलिमीटरचा होतो, खुर्चीत बसून वाचायला तेवढा हवाच. या हिशेबाने पाच-सहा आकडे मावतात. प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्स कार्डाचं तापमान, प्रोसेसरचा भार, वापरातली मेमरी, प्रोसेसरच्या पंख्याचा वेग, एवढे पुष्कळ झाले. सहावी जागा कशासाठी ठेवायची ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीत संगणक आहे. जानेवारीत काम करताना पडद्यावर ६५ दिसायचं, आता तेच काम करताना ८४ ते ८६ दिसतंय. पडद्याचा सेन्सर बिघडला का प्रोसेसर? (परभणी)

पडद्यात सेन्सर नसतोच. प्रोसेसरच्या आत बसवलेला सेन्सर जे सांगतो तेच पडदा दाखवतो. आणि बहुधा दोघंही ठणठणीत आहेत. खोलीची हवा किती तापली ते तुमच्या पत्रात नाही, आणि सगळा उलगडा तिथेच आहे.

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. ठरावीक भार आणि पंख्याचा ठरावीक वेग असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास दहा अंशांनी चढतो. समजा जानेवारीत खोली २५ वर होती आणि प्रोसेसर ६५ वर, तर फरक ४०. आता पत्र्याखालची खोली दुपारी ४३ वर असेल तर ८३ दिसणारच, फरक तोच ४०. यंत्रात काही बिघडलेलं नाही. पण सकाळी खोली ३० वर असताना ८५ दिसत असेल, तर फरक ५५ झाला. तिथे मात्र काहीतरी तुंबलंय.

म्हणून सहावी जागा खोलीच्या तापमानाला द्या. त्यासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर पुरतो. तो उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर सांगतो आणि त्याला डेटा व विजेच्या वायरीमध्ये ४.७ किलोओहमचा रोध लागतो. हा सेन्सर आर्डुइनोसारख्या, प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडावा लागतो. एवढं नको असेल तर भिंतीवरचा साधा तापमापक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ टांगा आणि फरक तोंडी काढा. सेन्सर कॅबिनेटच्या आत ठेवू नका, कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथे ठेवा. आत ठेवलात तर तो आतलीच तापलेली हवा मोजेल.

प्रोसेसरची मर्यादाही माहीत असू द्या. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची ती १०० अंश असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५ आणि ७८००एक्स३डीसारख्यांची ८९. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, लगेच जळत नाही. रायझनच्या अगदी पहिल्या पिढीतले १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स हे तर मुद्दाम २० अंश जास्त सांगतात, पंखे वेळेत फिरावेत म्हणून. जुनं सॉफ्टवेअर ते २० वजा करत नाही आणि पाहणारा घाबरतो.

फरक खरोखरच वाढलेला निघाला तर आधी कूलरच्या पत्र्यांकडे बघा. परभणी-जालन्याकडच्या कापसाच्या गावांत सरकीच्या तंतूंची एक पातळ गादीच पंख्याच्या मागे, पत्र्यांच्या तोंडावर बसते. पंखा वरून स्वच्छ दिसतो, म्हणून ती नजरेला येत नाही. पंखा काढला की नमद्यासारखा तुकडा अख्खा सुटून हातात येतो. तो चिमट्याने उचला, राहिलेली धूळ एक इंची मऊ ब्रशने सोडवा आणि ब्लोअरने बाहेरच्या दिशेने उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. एवढं करूनही फरक उतरला नाही, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट टाका. एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं संगणक चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा.

खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर तो आजच वळवा. गारवा वाटतो खरा, पण त्यासोबत जाणारे तुषार बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर सोडून जातात. पांढरे डाग दिसायला लागेपर्यंत गंज सुरू झालेला असतो.

प्रश्न : दोन त्रास आहेत. संगणक बंद केला तरी पडदा रात्रभर जळत राहतो. आणि सकाळी सुरू केलेला संगणक रात्री पाहावा तर पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबलेले असतात. (जालना)

पहिल्याचं कारण स्टँडबाय वीज. संगणक बंद असला तरी एसएमपीएस ५ व्होल्टची एक वाट चालू ठेवतं आणि यूएसबीला ती मिळत राहते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, पॉवरच्या पानावर 'ईआरपी' नावाची सोय असते. ती चालू केली की बंद अवस्थेत यूएसबीची वीज तुटते. कीबोर्डने किंवा नेटवर्कवरून संगणक सुरू करत असाल तर मात्र ते बंद पडेल. पर्याय म्हणून, बंद होताना पडदा काळा करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का पाहा.

दुसऱ्याविषयी आमचा अंदाज असा की तुमचं पडद्याचं सॉफ्टवेअर एचडब्ल्यू-इन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रामकडून आकडे घेतंय. एचडब्ल्यू-इन्फोच्या मोफत आवृत्तीत दुसऱ्या प्रोग्रामना आकडे पुरवणारी 'शेअर्ड मेमरी' १२ तासांनी आपोआप बंद होते. ती हाताने पुन्हा चालू करावी लागते. सकाळी नऊला सुरू केलंत तर रात्री नऊला आकडे थांबणार, हे घड्याळ लावून पडताळून पाहा. दुकानासारख्या ठिकाणी त्याच कामाचं लिब्रे हार्डवेअर मॉनिटर बरं. ते मोफत आहे आणि त्याला तासांची अट नाही.

बारा तासांचा हिशेब जुळत नसेल आणि संगणक झोपून उठल्यावरच पडदा थिजत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा.

लिब्रे हार्डवेअर मॉनिटरला सेन्सर वाचायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये टाकलं तर ते दर वेळी परवानगी विचारत बसतं. टास्क शेड्यूलरमध्ये 'सर्वोच्च अधिकाराने चालवा' ही खूण करून, लॉगिननंतर ३० सेकंदांनी सुरू होईल असं काम लावा. २०२५ पासून विंडोज डिफेंडर जुन्या आवृत्त्या अडवतंय, कारण त्यांतल्या विनरिंग-झिरो या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचा दोष आहे. डिफेंडर बंद करून मोकळे होऊ नका. नव्या आवृत्तीत त्या जागी पॉन-आयओ हा ड्रायव्हर आला आहे, ती घ्या.

प्रश्न : पॉलिटेक्निकला आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी आर्डुइनो नॅनो आणि २० बाय ४ चा (चार ओळी, ओळीत २० अक्षरं) एलसीडी बसवतोय. एलसीडीचा दिवा लागतो, पण अक्षर एकही दिसत नाही. (नांदेड)

आधी मागच्या आय-स्क्वेअर-सी पट्टीवरचा निळा चौकोनी स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवा. तो कॉन्ट्रास्टचा आहे. एका टोकाला काहीच दिसत नाही, दुसऱ्या टोकाला नुसते भरलेले चौकोन दिसतात, अक्षरं मधे कुठेतरी आहेत. भरलेले चौकोनच राहत असतील तर एलसीडीपर्यंत आज्ञा पोचत नाहीत, म्हणजे पत्ता चुकलाय. या पट्टीवरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता सहसा ०एक्स२७ आणि पीसीएफ८५७४ए असेल तर ०एक्स३एफ असतो. पत्ता शोधणाऱ्या स्कॅनरचं छोटं स्केच, म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्राम, चालवून खात्री करा. नॅनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५.

पण त्याआधी फूटपट्टीने जागा मोजलीत का? डीव्हीडीचा कप्पा १४६ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४१ मिलिमीटर उंच असतो. २० बाय ४ च्या एलसीडीचं बोर्ड ९८ बाय ६० मिलिमीटरचं आहे, ते एका कप्प्यात मावत नाही. एकाखाली एक दोन कप्पे रिकामे हवेत. एकच असेल तर १६ बाय २ चा घ्या. त्याचं बोर्ड ८० बाय ३६ मिलिमीटरचं असतं आणि कप्प्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणात चौकोन कापून नीट बसतं. कापताना ब्लेडने एकदम आरपार जाऊ नका, दहा-बारा हलक्या ओरखड्यांनी जा, झाकण तडकत नाही.

आकडे मिळवायला लिब्रे हार्डवेअर मॉनिटरमधला रिमोट वेब सर्व्हर चालू करा. तो ८०८५ या पोर्टवर सगळे आकडे जेसन स्वरूपात देतो. त्यात किंमत '४५.० °से.' अशी एककासकट मजकूर म्हणून येते, ते एकक कापल्याशिवाय बेरीज-वजाबाकी होणार नाही. पायथनचा छोटा प्रोग्राम ती वाचून सीरियलवरून नॅनोला पाठवेल. प्रोग्रामने पोर्ट उघडला की नॅनो एकदा रीसेट होतो, म्हणून उघडल्यावर दोन सेकंद थांबून मगच पहिली ओळ पाठवा. पहिली ओळ नेहमी गहाळ होते, अशी जी तक्रार असते तिचं मूळ हेच. सेकंदाला एकदा पाठवणं पुरे. दर वेळी पूर्ण पडदा पुसू नका, त्यानेच लुकलुक होते. कर्सर त्या जागी नेऊन आकड्यावर आकडा लिहा, आणि १०० चे ९९ झाले की मागे जुना अंक उरू नये म्हणून एक रिकामी जागाही लिहा. अंशाचं चिन्ह सरळ टाइप केलं तर भलतंच अक्षर उमटतं. या एलसीडीच्या नेहमीच्या अक्षरसंचात ते २२३ क्रमांकावर आहे.

प्रश्न : पडद्यावर 'तापमान', 'स्मृती' असे मराठी शब्द हवे आहेत. 'स्मृती'चे तुकडे पडतात आणि 'स्थिती'तली वेलांटी भलतीकडेच जाते. (हिंगोली)

मराठी शब्द हवेत हा आग्रह आम्हाला मनापासून आवडला. फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. अक्षरं चित्रात रंगवणाऱ्या पायथनच्या पिलो या लायब्ररीला जोडाक्षरं जुळवायची तर राक्म आणि फ्रिबिडी या दोन जोडलायब्रऱ्या लागतात. त्या नसल्या की ती एकेक चिन्ह टाइप केलेल्या क्रमाने ठेवत जाते, म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. विंडोजवर फ्रिबिडीची फाइल वेगळी आणून ठेवावी लागते, तिथे बहुतेक जण थकतात.

सोपी वाट अशी. तुमच्या थीमची पार्श्वभूमी ही एक साधी पीएनजी प्रतिमा असते. जिथे मराठी नीट उमटतं अशा कुठल्याही प्रोग्राममध्ये ती ४८० बाय ३२० मापात उघडा, 'तापमान', 'स्मृती', 'पंखा' हे शब्द तिथेच कायमचे लिहा आणि पीएनजी म्हणून साठवा. सॉफ्टवेअरने मग फक्त आकडे रंगवायचे. देवनागरी अंकांना जोडणी लागत नाही, पण सॉफ्टवेअर आतून इंग्रजी अंकच पाठवतं, म्हणून ते तसेच राहू द्या. शब्द काळ्यावर पांढरे आणि थोडे जाड ठेवा. बारीक फॉन्टच्या शिरोरेघा या पडद्यावर पुसट होतात. नांदेडच्या वाचकासारखा २० बाय ४ चा एलसीडी असेल तर मराठीचा नाद सोडावा. त्यात आपली स्वतःची अक्षरं फक्त आठ बनवता येतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांची.

प्रश्न : जुना मोबाइल पडून आहे. तोच काचेआड चिकटवून पडदा म्हणून वापरला तर? (बीड)

काचेआड नको. पडद्याची कल्पना चांगली आहे, जागा वाईट आहे. जुनी लिथियम बॅटरी सतत चार्जिंगवर, तीही मे महिन्यात ५० अंशांच्या पेटीत ठेवली तर ती फुगते. फुगलेली बॅटरी आग लावू शकते, आणि शेजारी तुमचं ग्राफिक्स कार्ड आहे. मोबाइल बाहेर टेबलावर स्टँडवर ठेवा. दोन्ही एकाच वाय-फायवर असू द्या, लिब्रे हार्डवेअर मॉनिटरचा तोच वेब सर्व्हर चालू करा आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा आयपी पत्ता, पुढे अपूर्णविराम आणि ८०८५ टाका. पान उघडलं नाही तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टला खासगी नेटवर्कपुरती परवानगी द्या. मागचं झाकण जरासं जरी उचललेलं दिसलं तर तो मोबाइल वापरूच नका.

प्रश्न : पडद्यावर १२ व्होल्टच्या जागी १०.१ दिसतंय. एसएमपीएस बदलू का? शिवाय पडदा बसवताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. (तुळजापूर)

एसएमपीएसवर पैसे घालायच्या आधी मल्टिमीटर लावा. एटीएक्स मानकात १२ व्होल्टला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६०. खरोखर १०.१ असते तर संगणक भाराखाली टिकलाच नसता. मदरबोर्डावरची चिप व्होल्टेज कमी करून मोजते आणि सॉफ्टवेअर त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतं. तो आकडा प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो आणि बरेचदा चुकीचा धरलेला असतो. संगणक चालू असताना मोकळ्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी काडी काळ्या वायरीवर आणि लाल काडी पिवळ्या वायरीवर ठेवून, २० व्होल्ट डीसीवर मोजा. काड्या एकमेकींना लागू देऊ नका. ११.४० च्या वर असेल तर व्होल्टेजचा तो रकाना पडद्यावरून काढून टाका. खोटा आकडा रोज डोळ्यांसमोर ठेवून काय करायचं?

झिणझिण्या मात्र गंभीर आहेत. पडद्याचं काम त्या मिटेपर्यंत थांबवा. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात, आणि अर्थिंग त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत नेतं. अर्थिंग तुटलेलं असलं की पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. टेस्टर लावला तर मिणमिणतो. यूएसबीचं ग्राउंड म्हणजे हाच पत्रा. अशा अवस्थेत डिशची वायर लागलेल्या टीव्हीला केबल जोडली की ठिणगी पडते आणि पोर्ट जातं.

आधी एक्स्टेंशन बोर्ड बघा. तीन पिनी प्लग दोन पिनांत खोचणारा ॲडॉप्टर मधे असेल तर दोष तिथेच सापडला. तो नसेल तर वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलएवढेच व्होल्ट हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीनच्या आत. पण मीटर स्वतः प्रवाह ओढत नाही, त्यामुळे अर्धवट अर्थिंगही त्यावर चांगलं दिसू शकतं. वायरमनकडे अर्थ टेस्टर असेल तर त्यानेच मोजायला सांगा. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा-मीठ कोरडं पडतं. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होण्याचं हे नेहमीचं कारण. खड्ड्याच्या पाइपात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता आणि वरचा गंजलेला नट-बोल्ट बदलून घ्या.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू आहे. पडदा जोडला, पण प्रोग्राम 'परवानगी नाही' म्हणतो. आणि तीनपैकी दोन पंख्यांचा वेग शून्य दाखवतो, पंखे तर फिरतायत. (वसमत)

तुमच्या लॉगिनला 'डायलआउट' या गटात घाला आणि पूर्ण लॉग-आउट होऊन परत या, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. जोडल्यानंतर पहिले काही सेकंद पोर्ट 'व्यग्र' दाखवत असेल तर उबुंटूचा मोडेम मॅनेजर त्याला मोडेम समजून चाचपत असतो. लॅबमध्ये डोंगल वापरत नसाल तर ती सेवा बंद करा. तापमानासाठी एलएम-सेन्सर्स हे पॅकेज बसवून 'सेन्सर्स-डिटेक्ट' एकदा चालवा. इंटेलचं तापमान 'कोअरटेम्प' नावाखाली दिसेल, एएमडीचं 'के१०टेम्प'खाली.

पंख्यांचं साधं आहे. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके तिसऱ्या वायरीवरून पाठवतो आणि बोर्ड ते मोजतो. एका कनेक्टरवरून तीन पंख्यांना वाट काढून देणारी केबल असेल तर ठोक्यांची वायर त्यांतल्या एकाच फाट्याला जोडलेली असते. तीन पंख्यांचे ठोके एकत्र आले तर मोजणी बिघडेल, म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. बाकी दोन फाट्यांत एक पिन रिकामी दिसेल. ज्या पंख्याची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे, तो पूर्ण पिनांच्या फाट्याला लावा आणि पडद्यावर त्याचंच नाव लिहा.